जॉन गिलगुड : एका ओळीने सुरू झालेली ७९ वर्षं

तिसरी घंटा

लहानपणी दूरदर्शनवर 'गांधी' लागला की बाबा आम्हाला टीव्हीसमोरून उठू द्यायचे नाहीत. गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू दिसले की "हे बघा आपले डॉक्टर", कस्तुरबा आल्या की "ही रोहिणी हट्टंगडी". मग मिठाच्या सत्याग्रहाच्या सुमारास व्हाइसरॉय आयर्विन यायचे. चिमूटभर मिठाने साम्राज्य हलत नसतं, अशा अर्थाचं बोलायचे. त्यांच्याबद्दल बाबा काही सांगायचे नाहीत, नुसते कान देऊन ऐकायचे. एकदा मात्र म्हणाले, "आवाज बघ कसा लावलाय." त्या नटाचं नाव जॉन गिलगुड हे मला फार उशिरा कळलं. गेलं वर्षभर त्यांचं मिळेल ते ऐकते-बघते आहे, म्हणून हा धागा.

जन्म १४ एप्रिल १९०४, लंडन. वडील पोलिश-लिथुआनियन वंशाचे, शेअर दलाल. आई टेरी घराण्यातली. इंग्लंडच्या रंगभूमीवर टेरी घराणं म्हणजे काय, हे आपल्याला किर्लोस्कर मंडळींवरून समजावं. आजी केट टेरी नामांकित नटी आणि आजीची बहीण एलेन टेरी तर गाजलेल्या नट हेन्री आयर्विंगची नायिका, त्या काळातली सर्वांत लाडकी अभिनेत्री. म्हणजे घरात नाटक होतं, पण पोराला चालता येत नव्हतं! लेडी बेन्सन यांच्या नाट्यशाळेत त्यांना ऐकावं लागलं, की तू मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतोस. १९२४ साली पहिल्यांदा रोमिओ केला, तेव्हा एका समीक्षकाने त्यांच्या पायांना 'निरर्थक' म्हटलं.

रंगमंचावर पहिलं पाऊल १९२१ साली, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात, शेक्सपिअरच्या 'हेन्री द फिफ्थ'मधला दूत म्हणून. वाट्याला एकच ओळ. इंग्रज-फ्रेंचांची ॲजिनकोर्टची लढाई संपलेली असते, दूत राजाच्या हाती कागद देतो आणि म्हणतो, मेलेल्या फ्रेंचांची ही गणती. संपलं काम. पैसेही नव्हते.

तिथून नऊ वर्षांत हा मुलगा त्याच ओल्ड विकमध्ये हॅम्लेट झाला. १९३० साल, वय २६. तोवर लंडनमधले नावाजलेले हॅम्लेट बहुतेक चाळिशीतले असत. हा खरोखर विद्यापीठातून परत आलेला मुलगा वाटला. पुढच्या वर्षी, जेमतेम २७ व्या वर्षी, किंग लिअर. १९३३ मध्ये 'रिचर्ड ऑफ बोर्डो' हे नाटक वर्षाहून अधिक चाललं आणि ते स्टार झाले. १९३४ चा हॅम्लेट लंडनमध्ये सलग १५५ प्रयोग. त्याआधी एवढा चाललेला हॅम्लेट फक्त आयर्विंगचा, २०० प्रयोगांचा. त्या संचात ऑस्रिकच्या छोट्या कामाला एक काटकुळा पोरगा घेतला होता, पुढे मोठा नट झालेला ॲलेक गिनेस. १९३६ ला न्यूयॉर्क, १३२ प्रयोग, तिथला विक्रम. १९३९ ला डेन्मार्कमध्ये, हॅम्लेटची गोष्ट जिथे घडते त्या खुद्द एल्सिनोरच्या किल्ल्यात.

आणि १९४५-४६ मध्ये सैनिकांसाठी दौरा, भारतापासून अतिपूर्वेपर्यंत. ब्रिटिश राज्याचे इथले शेवटचे महिने, आणि हा माणूस इथे हॅम्लेट करत होता. दौऱ्याचा शेवट कैरोला झाला आणि तिथे त्यांनी ही भूमिका कायमची खाली ठेवली. एकूण प्रयोग ५०० हून जास्त. छत्तीस-सदतीस वर्षांनी 'गांधी'मध्ये व्हाइसरॉय म्हणून त्यांना उभं केलं, तेव्हा ते राज्य आतून पाहिलेला माणूस कॅमेऱ्यासमोर होता.

माझं म्हणणं असं, की इथे थांबले असते तरी इतिहासात नाव राहिलं असतं. पण माझ्या मनात जे घर करून बसलंय ते पुढचं आहे. पन्नाशीनंतर ते जुने झाले. १९५६ नंतर लंडनच्या रंगमंचावर 'लुक बॅक इन अँगर'सारख्या नाटकांतली वैतागलेली तरुण माणसं आली, इस्त्रीचा टेबल आला, काव्य गेलं. ज्याची सगळी पुंजी म्हणजे शब्द उच्चारण्याची कला, त्याने काय करायचं? त्यांनी ६४ व्या वर्षी नव्याने सुरुवात केली. ती कशी, हे प्रतिसादांत येऊ दे. मी एकटीच किती लिहू.

विंगेतून

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांचे गोखले आणि गिलगुड एकाच सिनेमात आहेत हे माहीत होतं, पण शेजारी ठेवून कधी विचार केला नव्हता. दोघांचे प्रसंग एकत्र नाहीत, गोखले १९१५ लाच गेले आणि आयर्विन आले १९२६ ला. तरी एक धागा आहेच. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' १९७० साली आलं तेव्हा त्याच्या मुळाशी लिअर होता आणि आप्पा बेलवलकर उभे केले ते डॉक्टरांनी. गिलगुडनी लिअर रंगमंचावर चार वेळा केला. १९३१, १९४०, १९५० आणि १९५५.

सांगलीकर

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

मला गिलगुड पटत नाहीत. तीस-चाळीसच्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका ऐका. ओळ गातात. हुंदका ठरलेल्या जागी, कंप ठरलेल्या जागी. संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते ना, तसं त्यांच्या स्वगतात होतं. मी आवाज ऐकतो, माणूस दिसत नाही. समीक्षक केनेथ टायनननेही लिहिलं होतं, की मानेच्या वर हा जगातला सर्वोत्तम नट आहे. मानेच्या वर! त्यातच सगळं आलं. उलट त्यांच्याच काळातला नट लॉरेन्स ऑलिव्हिए घ्या. तो घामाचा, रक्ताचा वाटतो.

१९३५ चा प्रयोग याला उत्तम उदाहरण आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये दोघांनी रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्युशिओ आलटून पालटून केले. ज्युलिएट पेगी ॲशक्रॉफ्ट, दाई ईडिथ इव्हान्स. दीडशेहून अधिक प्रयोग झाले. समीक्षकांनी ऑलिव्हिएच्या काव्यवाचनाला झोडपलं, गिलगुडना डोक्यावर घेतलं. पण भिंतीवर चढणारा, पोरीसाठी वेडा झालेला इटालियन मुलगा कोण होता? ऑलिव्हिए. काळाने त्याच्याच बाजूने निकाल दिला असं मी मानतो.

आकाशवाणी

सांगलीकर, राग कशाला. पण मी आयुष्याची तीस वर्षं माईकसमोर काढली आहेत, तेव्हा आवाजाबद्दल थोडं बोलू द्या.

"गातात" हे जे आपण म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे कंप आणि हेल. तो त्यांच्याकडे होता, विशेषतः तरुणपणी, आणि त्यांना स्वतःलाही तो दोष माहीत होता. डोळ्यांत पाणी फार लवकर यायचं, ते आवरायला शिकावं लागलं. दुसरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती गाणं नव्हे. शेक्सपिअरची ओळ साधारण दहा अक्षरांची. नवखा नट ओळीच्या मध्ये श्वास घेतो, किंवा प्रत्येक विशेषणावर जोर देतो आणि शेवटाला पोचेपर्यंत हवा संपते, शेवटचा शब्द पडतो. इंग्रजीत अर्थाचं वजन बहुधा शेवटच्या शब्दावर असतं. गिलगुडचं वाक्य सात-आठ ओळींचं असो, ते पहिल्या शब्दाला निघतानाच शेवटचा शब्द कुठे आहे हे जाणून निघतात. मधली उपवाक्यं खालच्या पट्टीत, वेगाने, पण एकही व्यंजन न गिळता. त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीची भाषा ऐकताना आपल्याला अर्थ लागतो. मला तरी त्यांच्याच आवाजात पहिल्यांदा लागला.

गिनेसनी त्या आवाजाला रेशमात गुंडाळलेला चांदीचा कर्णा म्हटलं होतं. उपमा सुंदर आहे, पण तिच्यामुळे लोकांना वाटतं की नुसता गोडवा. खरं बळ वेगात आणि स्पष्टतेत होतं. घाईत बोलूनही शब्द न् शब्द पोचतो, हे आपल्याकडे कीर्तनकारांना साधतं.

'एजेस ऑफ मॅन' नावाचा त्यांचा एकट्याचा कार्यक्रम होता. जवळजवळ रिकामा मंच, साधा सूट, हाताशी पुस्तक, आणि शेक्सपिअरमधलं बालपण, तारुण्य, म्हातारपण. पन्नाशीत सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षं देशोदेशी केला. त्याची ध्वनिमुद्रणं ऐका. सुरुवातीच्या मुद्रिकांशी ताडून पाहा. हेल कमी होत गेलेला स्पष्ट कळतो.

तिसरी घंटा

आकाशवाणी काका, हे असं कुणी सांगावं म्हणूनच धागा काढला होता!

सांगलीकर, तुमचा मुद्दा खोटा नाही. ते शरीराने कधीच मोकळे नव्हते. आणि आपटलेही जोरात. १९५५ चा लिअर : नेपथ्य आणि वेशभूषा शिल्पकार इसामू नोगुचीची, राजाच्या अंगावर भोकाभोकांचा झगा. प्रेक्षकांना हसू आवरेना. १९६१ ला स्ट्रॅटफर्डला झेफिरेलीच्या दिग्दर्शनात ऑथेल्लो : अवजड नेपथ्य, प्रवेश बदलायला न संपणारा वेळ, आणि ऐन प्रयोगात दाढी सुटली. ऑथेल्लोला लागणारी रानटी ताकद त्यांच्यात नव्हतीच, भूमिका निवडतानाच चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे.

पण "माणूस दिसत नाही" याला मात्र मी हरकत घेते. १९५३ चा 'ज्युलियस सीझर' बघा. मार्लन ब्रँडो अँटनी आणि गिलगुड कॅशियस. हडकुळा, जळफळणारा, आतून पोखरलेला कॅशियस. ब्रँडोने स्वतःच्या भाषणांसाठी त्यांच्याकडून मार्गदर्शन मागून घेतलं होतं. गिलगुडना तो मुलगा इतका आवडला की लंडनला येऊन माझ्या दिग्दर्शनात हॅम्लेट कर म्हणाले. तो नाही म्हणाला. झालं असतं तर!

नेपथ्यवाला

दुसऱ्याला मोठं करण्याची वृत्ती हा त्यांचा गुण मूळ लेखात निसटलाय. १९४९ मध्ये ग्लोब थिएटरला 'द लेडीज नॉट फॉर बर्निंग'मध्ये रिचर्ड बर्टन नावाच्या अनोळखी वेल्श मुलाला छोटं काम दिलं. पंधरा वर्षांनी, १९६४ ला, त्याच बर्टनचा हॅम्लेट त्यांनी न्यूयॉर्कला बसवला. वेशभूषा नाही, तालमीच्या कपड्यांत. भुताचा आवाज स्वतः गिलगुडचा, ध्वनिमुद्रित. प्रयोग झाले १३७. म्हणजे न्यूयॉर्कमधला स्वतःचा १३२ चा विक्रम मोडणारं नाटक त्यांनी स्वतःच बसवलं होतं.

लंडनस्थ

मी इथे चाळीसहून जास्त वर्षं आहे. शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवर एकाच बाजूला ओळीने चार नाट्यगृहं आहेत : लिरिक, अपोलो, गिलगुड आणि सॉन्डहाइम. शेवटच्याचं नाव २०१९ पर्यंत क्वीन्स होतं. या दोनशे पावलांत गिलगुडचं आयुष्य पसरलेलं आहे. १९३० चा हॅम्लेट ओल्ड विकमधून उचलून आणला तो क्वीन्सला. १९३७-३८ मध्ये स्वतःची मंडळी जमवून शेक्सपिअर, शेरिडन, चेकॉव्हचा हंगाम केला तोही क्वीन्सलाच. १९४० मध्ये त्या इमारतीवर बॉम्ब पडला. एकोणीस वर्षं बंद होती. १९५९ ला पुन्हा उघडली ती गिलगुडच्या 'एजेस ऑफ मॅन'ने. शेजारचं ग्लोब, जिथे बर्टनला काम दिलं, त्याचं १९९४ मध्ये गिलगुड थिएटर असं नामकरण झालं. ते स्वतः तेव्हा नव्वदीचे आणि हयात.

आणि त्याच्या पलीकडचं अपोलो. तिथे मी त्यांना १९८८ मध्ये प्रत्यक्ष पाहिलं. 'द बेस्ट ऑफ फ्रेंड्स'. तीन जुने स्नेही : सिडनी कॉकरेल, बर्नार्ड शॉ आणि मठातली एक जोगीण. बरीचशी पत्रंच, घडामोड नावाला नाही. गिलगुड कॉकरेल. वय ८३. ओळी विसरण्याची भीती त्या वयात असणारच, प्रेक्षागृहातही एक ताण होता, आम्ही सगळे त्यांच्यासाठी श्वास धरून बसलो होतो. माझी जागा बाल्कनीत अगदी वर, स्तंभाआड. अर्धा वेळ ते दिसतच नव्हते. पण वरच्या शेवटच्या रांगेत, एखाद्याने शेजारच्या खुर्चीवरून हळू बोलावं तसं ऐकू येत होतं. ती त्यांची रंगमंचावरची शेवटची भूमिका ठरली. नाटकाचं तिकीट अजून जपून ठेवलंय.

सांगलीकर

लंडनस्थ काका, हे वाचून मी गप्प झालो. तुम्ही भाग्यवान.

प्रॉम्प्टर

सगळं छान चाललंय, पण १९५३ बद्दल कुणीच बोललं नाही. टाळलं असेल तर ते मला बरोबर वाटत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये त्यांना नाइटहूड मिळालं. (ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन या बरोबरीच्या नटांना १९४७ लाच मिळालं होतं, यांना सहा वर्षं ताटकळावं लागलं.) आणि ऑक्टोबरमध्ये चेल्सीतल्या एका सार्वजनिक स्वच्छतागृहात पोलिसांनी त्यांना पकडलं. पुरुषांमधले समलैंगिक संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्ह्याच्या कक्षेत होते. त्यांनी नाव सांगितलं आर्थर गिलगुड, व्यवसाय कारकून. आर्थर हे त्यांचं खरंच पहिलं नाव. दहा पौंड दंड झाला. कोर्टात एका पत्रकाराने ओळखलं आणि दुपारच्या वर्तमानपत्रात मथळा आला.

काही दिवसांतच लिव्हरपूलला नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, 'अ डे बाय द सी'. दिग्दर्शनही त्यांचंच. प्रवेशाची वेळ आली आणि ते विंगेत थिजले. पाय उचलेना. ज्येष्ठ अभिनेत्री सिबिल थॉर्नडाइक मंचावर होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्या आत आल्या, हात धरला आणि त्यांना घेऊन प्रेक्षकांसमोर गेल्या. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

नाटक लंडनला गेलं, पण काही महिन्यांनी ते मनाने कोसळले. पुढे हा विषय त्यांनी जाहीरपणे जवळजवळ कधीच काढला नाही. इंग्लंडमध्ये कायदा बदलला १९६७ ला. त्याच ब्रिटिशांनी १८६० च्या दंडसंहितेतून आपल्याला दिलेलं कलम ३७७ आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. मधली सगळी वर्षं किती जणांनी विंगेत थिजून काढली असतील.

तिसरी घंटा

प्रॉम्प्टर, टाळलंच होतं. दोन परिच्छेद लिहून खोडले. वाटलं, आयुष्यभर ज्याबद्दल ते गप्प राहिले ते मी कशाला उकरू. पण थॉर्नडाइकबाईंचा प्रसंग वाचून कळलं, की हे सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही. पन्नाशीतला तो काळ म्हणजे फक्त अभिरुची बदलली असं नव्हतं. माणूस भ्यालेला होता. धन्यवाद, आणि सर्वांची क्षमा मागते.

विंगेतून

विंगेत उभं राहिलेल्या कुणालाही तो प्रसंग पोटात कळेल. पहिलं पाऊल टाकायला आपलं माणूस लागतं.

नवखी

मी एम.ए. नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. ६४ व्या वर्षीची नवी सुरुवात म्हणजे नेमकं काय? तिथे गोष्ट अर्धवट राहिली आहे ताई.

तिसरी घंटा

सांगते. १९६८. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या.

पहिली, दिग्दर्शक पीटर ब्रूकचं 'ईडिपस', रोमन नाटककार सेनेकाचं. ब्रूक तेव्हा नटांकडून आठवडेच्या आठवडे व्यायाम, आवाज, हालचाली करून घेत होता. गिलगुड पोरांसोबत जमिनीवर बसून सगळं करायचे, जमत नसलं तरी. असं सांगतात की एकदा ब्रूकने प्रत्येकाला सांगितलं, तुम्हाला सुचेल ती सर्वांत भयंकर गोष्ट इथे येऊन करा किंवा बोला. गिलगुड पुढे आले आणि म्हणाले, "दोन आठवड्यांनी पहिला प्रयोग आहे." ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिथे तो ६४ वर्षांचा माणूस दिसतो, ज्याला स्वतःचं हसं झालेलं चालणार होतं.

दुसरी, ॲलन बेनेट नावाच्या तरुण लेखकाचं 'फॉर्टी इयर्स ऑन'. एका जुनाट शाळेचा मुख्याध्यापक, आणि शाळेचं वार्षिक नाटक म्हणजे मावळत्या इंग्लंडचा हिशेब. ज्या जगाचं गिलगुड स्वतः प्रतीक होते, त्या जगाकडे हसून आणि हळवेपणाने पाहणारं नाटक. तालमींत ते फार धास्तावले होते. अपोलोला नाटक उभं राहिलं आणि लोकांना कळलं की हा माणूस आपल्या काळात आलाय.

तिथून १९७० ला डेव्हिड स्टोरीचं 'होम', सोबत राल्फ रिचर्डसन. नवखी, हे नाटक तू वाचच. दोन म्हातारे बागेत बसून गप्पा मारतात. वाक्यं अर्धवट : हो... खरंच... ढग आलेत. हळूहळू कळतं की ही जागा म्हणजे मनोरुग्णालय. शेक्सपिअरची आठ ओळींची वाक्यं पेलणाऱ्या माणसाला इथे दोन-तीन शब्दांचे तुकडे दिले होते, आणि तुकड्यांच्या मधल्या जागेत त्याचे डोळे भरून यायचे.

मग १९७५ ला नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं 'नो मॅन्स लँड', पुन्हा रिचर्डसनबरोबर. गिलगुड स्पूनर. चुरगळलेला सूट, मोज्यांवर सँडल, फसलेला कवी, कुणाच्या तरी घरात आसरा शोधणारा. कवी ऑडेनच्या अवतारावरून ते रूप सुचलं होतं. टेरी घराण्याचा राजपुत्र असा लाचार, चिवट, मळका होऊन उभा राहिला. सांगलीकर, शरीर नाही म्हणालात ना? स्पूनरचे फोटो तरी पाहा. खांदे पाहा.

सांगलीकर

पाहिले. शिवाय 'होम'चं चित्रीकरणही काल पूर्ण पाहिलं. ऑलिव्हिएबद्दलचं मत बदललेलं नाही, गिलगुडबद्दलचं बदलावं लागेल. तरुणपणीचा नट आणि हा, दोघांत एका माणसाचं अंतर आहे.

गोंयकार

सिनेमावाल्यांनी एवढं गप्प का? ऑस्करबद्दल कुणी बोलेल की नाही? 'आर्थर', १९८१. श्रीमंत, दारुड्या पोराचा बटलर हॉब्सन. आधी भूमिका नाकारली होती, नंतर घेतली, आणि सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तेव्हा वय ७७. ती भूमिका हशा मिळवते, पण हॉब्सन आजारी पडतो तिथे घसा दाटतो. आणि प्रॉम्प्टरने लिहिलंय ते वाचून आत्ता लक्षात आलं, कोर्टात लपण्यासाठी सांगितलेलं नाव आर्थर, आणि जगाने ज्या सिनेमासाठी गौरवलं त्याचंही नाव आर्थर.

त्याच दोन-तीन वर्षांत 'द एलिफंट मॅन', 'चॅरियट्स ऑफ फायर', 'गांधी', टीव्हीवर 'ब्राइड्सहेड'. मिळेल ते काम घ्यायचे. नुसती हजेरी लावलेले सिनेमेही पुष्कळ आहेत, ते वगळले तरी चालेल. पुढे १९९१ ला एमी मिळालं. ऑस्कर, एमी, ग्रॅमी, टोनी, चारही नावावर.

मला सर्वांत जास्त 'प्रॉस्पेरोज बुक्स' भिडला, १९९१ चाच. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मधला जादूगार प्रॉस्पेरो त्यांनी मंचावर चार वेळा केला होता आणि त्या नाटकाचा सिनेमा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली होती. शेवटी दिग्दर्शक पीटर ग्रीनवेने केला. जवळजवळ सगळ्या पात्रांचे संवाद गिलगुडच्याच आवाजात! ८७ वर्षांचा माणूस आख्खं बेट एकट्याच्या आवाजावर वसवतो. चित्रपट म्हणून तो थकवतो, हे कबूल.

आकाशवाणी

आणि १९९४ ला, नव्वदीनिमित्त, बीबीसी रेडिओवर लिअर. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत खरा लिअर. २७ व्या वर्षी त्यांनी म्हातारपणाची नक्कल केली असणार. इथे काही करायचंच नव्हतं. श्वास आखूड झालाय, आणि त्या आखूड श्वासाला त्यांनी ओळींच्या मापात बसवून घेतलंय.

तिसरी घंटा

आता शेवटचं सांगते, कारण याचसाठी मी मुळात लिहायला बसले होते.

१९९६ च्या केनेथ ब्रॅनाच्या 'हॅम्लेट' चित्रपटात गिलगुड आहेत. राजा प्रायम, शेजारी जुडी डेंच राणी हेक्युबा. हॅम्लेटच्या ५०० हून जास्त प्रयोगांच्या धन्याला तिथे एकही शब्द नाही. ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाचा चेहरा, बस.

त्यानंतर २००० सालचा वसंत. सॅम्युएल बेकेटचं 'कॅटॅस्ट्रॉफी' हे छोटंसं नाटक, १९८२ साली तुरुंगात असलेल्या झेक नाटककार व्हाक्लाव हावेलसाठी लिहिलेलं. डेव्हिड मॅमेटने त्याचं चित्रीकरण केलं. दिग्दर्शकाच्या भूमिकेत स्वतः हॅरॉल्ड पिंटर. एका चौथऱ्यावर एक माणूस उभा. दिग्दर्शक आणि त्याची सहायक त्याला वस्तूसारखं हाताळतात : कोट काढ, मान खाली, हात असे. तो माणूस म्हणजे गिलगुड, वय ९६. एक अक्षरही बोलायचं नाही. नाटकाच्या शेवटी दुरून टाळ्या ऐकू येतात आणि तो, कुणी सांगितलेलं नसताना, मान वर करून प्रेक्षकांकडे बघतो. टाळ्या विरत जातात.

हे त्यांचं शेवटचं काम. काही आठवड्यांत, २१ मे २००० रोजी, ते गेले.

बाबा असते तर त्यांना दाखवलं असतं. आवाज बघ कसा लावलाय म्हणणाऱ्या माणसाने या गप्प म्हाताऱ्याकडे पाहून काय म्हटलं असतं, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे.

नवखी

ताई, काल रात्री 'कॅटॅस्ट्रॉफी' पाहिलं. दोनदा. सहा मिनिटांचं तर आहे.

मग ती 'हेन्री द फिफ्थ'मधली दूताची ओळ काढून मोठ्याने म्हणून पाहिली. माझ्याकडून शेवटचा शब्द पडतो. आकाशवाणी काका, या ओळीत श्वास कुठे घ्यायचा?

आकाशवाणी

ओळीत नाही, ओळीच्या आधी. कागद राजाच्या हातात देताना घे, मग बोल. मूळ इंग्रजी ओळीत 'फ्रेंच' हा शेवटचा शब्द आहे, तिथपर्यंत हवा शिल्लक हवी, कारण मेले कोण ते तिथे कळतं. 'गणती'वर जोर देऊ नकोस, ती कागदावर आहेच. रेकॉर्ड करून पाठव, ऐकतो.